‘विषयी’ आणि ‘ठायी’ : मराठी ख्रिस्ती साक्षींतील जीवनपरिवर्तनाची भाषा

‘धर्मांतर’ या एका शब्दाखाली मराठीत किमान तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. व्यक्तीने एका समाजातून निघून दुसऱ्या समाजात प्रवेश करणे ही पहिली. एका मतप्रणालीच्या जागी दुसरी स्वीकारणे ही दुसरी. आणि जिच्याशी पूर्वी कोणताच संबंध नव्हता अशा एका दैवी व्यक्तीशी नाते जडून त्या नात्यातून जगण्याचे प्रयोजन गवसणे, ही तिसरी. पहिल्या गोष्टीची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत सापडते, दुसरीची खंडनमंडनाच्या ग्रंथांत. तिसरीची नोंद कोठे शोधावयाची हा प्रश्न मात्र अवघड आहे. ती अंतरीची घटना असल्यामुळे इतिहासकाराच्या साधनांना ती सहसा सापडत नाही, आणि तिच्याविषयी जो सांगतो तो स्वतःविषयीच सांगत असल्याने त्याचे सांगणे जसेच्या तसे प्रमाण मानता येत नाही. तथापि ज्याला असा अनुभव येतो त्याला तो भाषेतच सांगावा लागतो, आणि भाषेला तपासणी करता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी ख्रिस्ती लेखकांनी आपल्या परिवर्तनाविषयी जे लिहिले, त्यातील विभक्ती, शब्दयोगी अव्यये, सर्वनामे आणि क्रियापदांची रचना यांकडे पाहिले असता या तीन गोष्टी एकमेकींपासून पुष्कळशा वेगळ्या काढता येतात. प्रस्तुत विवेचनाचा हाच हेतू आहे.

प्रथम एका घटनेला मराठीत किती नावे आहेत ते पाहावे. हिंदू कुटुंबातील मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे त्याचे आप्त म्हणत, ‘तो बाटला’. ख्रिस्ती मंडळी म्हणत, ‘त्याने बाप्तिस्मा घेतला’. वृत्तपत्रे लिहीत, ‘त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला’. ‘बाटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्यात मनुष्य काही करीत नाही, त्याच्या बाबतीत काही घडते. भांडे बाटते, विहीर बाटते, तसा मनुष्य बाटतो. ‘स्वीकारणे’ हे याच्या अगदी उलट, सकर्मक आणि बुद्धिपुरस्सर केलेले कृत्य आहे. त्यात मनुष्य ग्राहकाप्रमाणे निवड करणारा ठरतो. ‘घेणे’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे आहे. लक्षणीय गोष्ट ही की, ज्यांच्या बाबतीत हे घडले ते स्वतः लिहू लागले तेव्हा यांपैकी कोणतेच क्रियापद त्यांना पुरे पडेना.

या अडचणीचे मूळ नव्या करारातच आहे. रोमकरांस पत्रात (१२:२) पौलाने परिवर्तनासाठी जे ग्रीक क्रियापद योजले आहे, ते आज्ञार्थी असून कर्मणी आहे. आज्ञा तर करावयाची, पण ‘करा’ अशी नव्हे. कर्ता दुसरा कोणी आहे आणि तरीही ऐकणाऱ्यावर काही जबाबदारी आहे. संस्कृतला कर्मणी आज्ञार्थ परका नाही, परंतु बोलत्या मराठीत तो कृत्रिम वाटतो. मराठी भाषांतरकारांनी येथे ‘रूपांतर होऊ द्या’ ही रचना योजली. ‘देणे’ या साहाय्यक क्रियापदाने परवानगीचा अर्थ साधण्याची ही रीत आपल्या नित्याच्या बोलण्यातील आहे. ‘मुलाला झोपू द्या’, ‘पाणी वाहू द्या’ या धर्तीची. तिच्यामुळे कर्तृत्वाचा प्रश्न मूळ ग्रीकहूनही काहीसा अधिक नेमका सुटतो असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. मनुष्याचे काम आड न येण्याचे आहे. पण आड न येणे हेसुद्धा त्याचेच कृत्य आहे.

दुसरा शब्द ‘पश्चात्ताप’. ज्या ग्रीक ‘मेटानोइया’ या शब्दासाठी तो मराठी बायबलात रूढ झाला, त्यात ताप नाही. मन बदलणे, बुद्धी पालटणे हा त्याचा अर्थ आहे. त्याच्या मागे उभा असलेला हिब्रू धातू तर ‘शूब’, म्हणजे मागे फिरणे, परत येणे. संदेष्ट्यांच्या तोंडी तो रस्ता चुकलेल्या वाटसरूला मारलेल्या हाकेसारखा येतो. मराठीत त्यासाठी ‘वळणे’ हे क्रियापद जवळच होते, आणि ‘मन वळणे’ हा वाक्प्रचारही होता. परंतु ‘पश्चात्ताप’ या शब्दाने भर टाकला तो मागील कृत्याबद्दलच्या जळण्यावर. पुढे ज्याच्याकडे वळावयाचे त्याच्यावर नव्हे. यामुळे मराठी श्रोत्याच्या मनात ख्रिस्ती परिवर्तन म्हणजे मुख्यत्वे अपराधाची कबुली असा समज दृढ झाला. पुढे ज्या लेखकांचा विचार करावयाचा आहे त्यांच्या लेखनात अपराधाची जाणीव आहे, परंतु ती त्यांच्या कथेचे केंद्र नाही. त्यांच्या कथेत कोणी तरी भेटते.

तिसरा शब्द याहूनही उद्बोधक आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात येशू आणि निकदेम यांचा संवाद एका द्व्यर्थी ग्रीक क्रियाविशेषणावर आधारलेला आहे. ‘अनोथेन’ म्हणजे ‘पुन्हा’ आणि ‘अनोथेन’ म्हणजेच ‘वरून’. येशूच्या बोलण्यात ‘वरून’ जन्मणे अभिप्रेत आहे. निकदेम ते ‘पुन्हा’ असे समजतो आणि म्हाताऱ्या माणसाने आईच्या उदरात परत कसे शिरावे असे विचारतो. मराठीत असा दुहेरी शब्द नाही, त्यामुळे भाषांतरकाराला एक अर्थ निवडून दुसरा सोडावा लागतो. ‘नव्याने जन्म’ असे म्हटले की निकदेमाचा गैरसमज हाच मूळ अर्थ होऊन बसतो. त्यातून ‘पुनर्जन्म’ हा तयार शब्द हाताशी असूनही तो योजता येत नव्हता, कारण त्याच्याबरोबर कर्मविपाकाची सगळी कल्पना आली असती. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटू पाहणाऱ्या श्रोत्याला आणखी एका जन्माचे आश्वासन देणे हे विपरीतच झाले असते. म्हणून ‘नवा जन्म’ हा शब्द स्थिरावला. शब्द साधा आहे, पण ‘वरून’ हा अर्थ त्यातून निसटला. हे परिवर्तन मनुष्याच्या आतून उगवत नाही, ते त्याच्याकडे येते, ही गोष्ट सांगण्यासाठी मराठी लेखकांना दुसरे मार्ग शोधावे लागले.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाई यांची साक्ष पाहावी. ‘साक्ष’ हा शब्दही न्यायालयातूनच आलेला आहे. जे पाहिले तेवढेच सांगावे, ऐकीव सांगू नये, असा त्याचा दंडक. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी त्या जन्मल्या, आईकडून संस्कृत शिकल्या, आणि १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील व बहीण अन्नान्न करीत गेलेली त्यांनी पाहिली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वैधव्यानंतर १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वॉंटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागील कारण त्यांनी स्वतः नोंदविले आहे. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथील भगिनीसंघाच्या स्त्रिया सेवा करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या, आणि येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचली. स्त्रीला आशा देणारा धर्म कोणता, हा त्यांचा प्रश्न होता. निळकंठशास्त्री, म्हणजेच रेव्हरंड नेहेम्या गोरे, यांच्या लेखनानेही त्यांच्या बुद्धीचे समाधान केले होते.

परंतु यानंतरची वर्षे पाहिली असता असे आढळते की बाप्तिस्म्याने रमाबाईंचे विचारमंथन थांबले नाही. वॉंटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, पंथांतील भेद, यांविषयी त्या निर्भयपणे प्रश्न विचारतात आणि केवळ चर्च सांगते म्हणून एखादी गोष्ट मान्य करावयास नकार देतात. हा सगळा पत्रव्यवहार ख्रिस्ताविषयीचा आहे. ‘विषयी’ हे शब्दयोगी अव्यय येथे अक्षरशः घ्यावयाचे आहे. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी या कालखंडाबद्दल जे सांगितले त्याचा आशय असा की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मराठी धर्मवाङ्मयात स्वतःविषयी इतके निःसंकोच विधान क्वचितच आढळेल. ज्या कृत्यासाठी त्यांनी स्वजनांचा रोष पत्करला, ते कृत्य त्यांच्या स्वतःच्या मापाने अपुरे होते, हे त्या उघडपणे सांगतात.

साक्ष ही घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेली असते आणि नव्या जागेवरून जुन्या जागेकडे पाहत असते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. १८८३ च्या रमाबाई १८९१ नंतरच्या रमाबाईंना कमी वाटल्या म्हणून त्या खरोखरच कमी होत्या असे ठरत नाही. विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मानुभवाच्या विवेचनात एकाएकी होणारे आणि हळूहळू होणारे असे परिवर्तनाचे दोन प्रकार सांगितले. परंतु साक्ष देणारा मनुष्य हळूहळू झालेल्या गोष्टीलाही एखादी तारीख देऊ पाहतो, कारण कथेला वळण लागते. तरीही रमाबाईंच्या बाबतीत बाह्य घटना या साक्षीशी जुळतात. शारदा सदन मुंबईत १८८९ मध्ये सुरू झाले ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या अटीवर, अमेरिकेतील साहाय्यक मंडळाच्या आधाराने. विधवांचे कार्य हे त्यांचे प्रयोजन तेव्हाही होते. ते परिवर्तनाने निर्माण केले असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. बदलला तो त्या कार्याचा आधार. १८९३ मध्ये सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून पुण्यात वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी आपला संबंध सोडला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य हिंदुस्थानातून त्यांनी शेकडो उपाशी मुली केडगावला आणल्या तेव्हा त्यांच्यामागे तसे भरभक्कम सल्लागार मंडळ नव्हते. आपण स्वतः दुष्काळातून वाचलो ते कशासाठी, या प्रश्नाला केडगावच्या मुक्ती सदनात उत्तर मिळाले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रीलाही वाचता यावे अशी त्याची सोपी भाषा होती. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि ते १९२४ मध्ये छापून बाहेर आले. कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृतने जिंकणारी विदुषी शेवटी ओबडधोबड वाटेल इतक्या साध्या मराठीकडे आली, ही गोष्ट भाषाभ्यासकाने साक्षीइतकीच महत्त्वाची मानावयास हवी.

प्रयोजनासाठी मराठी बायबलात एक शब्द आहे: ‘पाचारण’. ग्रीक ‘क्लेसिस’ म्हणजे हाक, बोलावणे, त्याचे हे रूप. नित्याच्या मराठीत वैद्याला पाचारण करतात, तज्ज्ञाला पाचारण करतात. ज्याची गरज आहे त्याला नावाने बोलावून घेणे हा त्यातील अर्थ. ‘पुरुषार्थ’ या आपल्या जुन्या शब्दाशी याची तुलना करण्याजोगी आहे. पुरुषार्थ हा पुरुषाने साधावयाचा असतो. पाचारण हे ऐकावयाचे असते, आणि ते ऐकण्यासाठी हाक मारणारा कोणी असावा लागतो. क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश पंडितांनी १९६३ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात पौलाविषयी हाच मुद्दा मांडला. दमास्कसच्या वाटेवर पौलाला जे घडले त्याला पाश्चात्त्य वाचक अपराधी मनाची सुटका समजतात; पण पौल स्वतः गलतीकरांस पत्रात (१:१५-१६) त्याचे वर्णन जुन्या संदेष्ट्यांना झालेल्या पाचारणाच्या शब्दांत करतो. त्याने एक देव सोडून दुसरा धरला नाही. त्याला काम मिळाले. हे मत सर्वांना मान्य झाले असे नाही, तथापि ‘पश्चात्ताप’ या शब्दाने मराठीत जो भर एका बाजूला टाकला आहे तो थोडा सारखा करण्यास त्याचा उपयोग होतो.

आता नारायण वामन टिळक. यांचा जन्म कोकणातील, १८६१ च्या सुमाराचा. नाशिकला संस्कृतचे अध्ययन, पुढे नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम, ‘ऋषी’ या मासिकाचे संपादन, आणि मधूनमधून घर सोडून निघून जाण्याची वृत्ती. राष्ट्राला एकत्र आणील असा एखादा नवा धर्म आपणच काढावा असेही त्यांच्या मनात होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. हा गृहस्थ कोण हे टिळकांना कधीच कळले नाही. भाकीत त्यांना हास्यास्पद वाटले, पण पुस्तक पेन्सिल हाती घेऊन खुणा करीत वाचावयाचे त्यांनी ठरविले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाईंप्रमाणेच टिळकांचा हा पहिला टप्पा बुद्धीचा आणि नीतीचा आहे. नवा धर्म काढू पाहणाऱ्या मनुष्याला तो तयार सापडला, असे त्याचे वर्णन करता येईल. यानंतरचे त्यांचे अहमदनगरमधील आयुष्य अमेरिकन मराठी मिशनच्या चाकोरीतले होते: अध्यापन, १९०४ मध्ये दीक्षाविधी, ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन. परंतु या काळातच ते पुन्हा तुकारामाकडे वळले, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो असे म्हणू लागले. मराठी संतांचे वाङ्मय हा जणू आपला पहिला जुना करार आहे, अशी त्यांची भूमिका होती. येथपर्यंतचा इतिहास अनेकांनी सांगितलेला आहे. या वळणाचे भाषिक स्वरूप मात्र पुरेसे तपासले गेलेले नाही.

नव्या करारात येशू देवाला ‘अब्बा’ म्हणतो, आणि हा अरामी शब्द ग्रीक लेखनातही तसाच ठेवलेला आहे. तो लहान मुलाचा बोबडा शब्द असल्याची कल्पना पुष्कळ काळ लोकप्रिय होती. जेम्स बार यांनी १९८८ मध्ये ती सप्रमाण खोडून काढली. तो प्रौढांच्याही तोंडी असलेला, साधा घरगुती शब्द होता. मराठीत त्याच्या जागी ‘पिता’ आला आणि संबोधनात ‘पित्या’. मराठी घरात बापाला ‘पित्या’ अशी हाक कोणी मारीत नाही. तो शब्द नाटकातला किंवा पोथीतला. त्यातून प्रार्थनेत या पित्याला ‘तू’ म्हणावयाचे. ग्रीकमध्ये एकाला उद्देशून एकवचनच असल्यामुळे तेथे प्रश्न उद्भवत नाही. मराठीत मात्र टिळकांच्या काळच्या पांढरपेशा घरांत वडिलांना ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ म्हणावयाचे, आणि ‘अगं’ आणि ‘तू’ हे आईसाठी राखलेले. म्हणजे ‘हे पित्या, तू’ ही रचना जवळीक सांगू पाहते, पण तिच्यातील नाम दूरचे आणि सर्वनाम जवळचे, अशी ती दोहोंकडून ओढली जाते. वारकरी परंपरेने हा प्रश्न पूर्वीच सोडविला होता. विठोबा पुरुषरूप असूनही त्याला माउली म्हणावयाचे, मग ‘तू’ आपोआप येतो. टिळकांनी ख्रिस्ताला माउली आणि सद्गुरू म्हणून हाक मारली तेव्हा त्यांनी भक्तिपरंपरेचे एक अलंकरण उसने घेतले असे समजणे उथळपणाचे होईल. ज्या ‘अब्बा’चे मराठीकरण ‘पिता’ या शब्दाने होत नव्हते ते त्यांनी ‘माउली’ने केले; मराठी घरातील सर्वनामांच्या व्यवस्थेत त्या जवळिकीची खरी जागा आईच्या बाजूला होती.

पौलाच्या लेखनातील ‘एन ख्रिस्तो’ ही रचनाही अशीच. आडोल्फ डाइसमान यांनी १८९२ मध्ये केवळ या एका पदसंहतीवर स्वतंत्र प्रबंध लिहिला, इतकी ती पौलाच्या विचाराला मध्यवर्ती आहे. व्यक्तीला अधिकरण करणे, मनुष्याने दुसऱ्या व्यक्तीत राहणे, हे ग्रीकमध्येही चमत्कारिकच होते. मराठीत ‘ख्रिस्तात’ किंवा ‘ख्रिस्तामध्ये’ म्हटले असता भांड्यात वस्तू असल्यासारखे वाटते. भाषांतरकारांनी ‘ख्रिस्ताच्या ठायी’ असे म्हटले. ‘ठाय’ म्हणजे स्थान. परंतु जुन्या मराठीत, विशेषतः ज्ञानेश्वरांपासूनच्या ओवीवाङ्मयात, ‘ठायी’ हे अव्यय व्यक्तीला आणि देवाला लागत आलेले आहे. व्यक्ती हीच राहण्याची जागा होऊ शकते, हा अर्थ मराठीने तेथे आधीच तयार करून ठेवला होता. टिळकांच्या अभंगांतील बोलणे ख्रिस्ताविषयी फारसे नाही. ते ख्रिस्ताशी आहे, आणि पुष्कळदा त्याच्या ठायी राहून केलेले आहे. रमाबाईंनी जे एका विधानात सांगितले, ते टिळकांच्या लेखनात रचनेच्या पातळीवर दिसते.

याची तुलना फादर स्टीफन्स यांच्याशी करावी. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने साष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजण्याइतके त्यांचे शब्दधैर्य होते, आणि मराठीवरील त्यांचे प्रेम सर्वश्रुत आहे. पण पुराण हा कथनाचा प्रकार आहे. श्रोता ऐकतो, देव तृतीयपुरुषी असतो. अभंगात भक्त देवाला समोर उभा करतो. स्टीफन्स यांच्यापासून टिळकांपर्यंत तीनशे वर्षांत मराठी ख्रिस्ती वाणीने जे अंतर तोडले ते तृतीयपुरुषापासून द्वितीयपुरुषापर्यंतचे आहे, असे थोडक्यात म्हणता येईल.

अर्थात या विवेचनाला एक मोठी मर्यादा आहे. रमाबाई, टिळक, गोरे ही सर्व शास्त्र्यापंडितांच्या घरची माणसे. अहमदनगर व आसपासच्या मराठी ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग महार व मांग समाजांतून आला. त्यांच्यासाठी बाप्तिस्म्याचा अर्थ पाणवठ्याशी, शाळेशी, नावाने हाक मारली जाण्याशी निगडित होता. त्यांच्या साक्षी कागदावर फार थोड्या उतरल्या. कीर्तनांतून आणि भजनांतून त्या बोलल्या गेल्या आणि बहुतांशी विरून गेल्या. ज्याला कोणी ‘अरे’शिवाय हाक मारली नाही, त्याच्या तोंडी देवाला म्हटलेला ‘तू’ आणि शास्त्र्याच्या मुलाच्या तोंडचा ‘तू’ एकच असतील काय, याचा शोध घेतल्यावाचून सर्वनामांविषयीचा वरील निष्कर्ष सर्व मराठी ख्रिस्ती समाजाला लावणे धाडसाचे ठरेल.

नात्याचे परिवर्तन ही सुखाची गोष्ट आहे असे मानण्याचेही कारण नाही. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पतीला मिळालेले नाते पत्नीचे नाते तोडून आले होते. परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी स्वतःचा पालट ज्या रीतीने सांगितला आहे ती या सर्व साक्षींत निराळी आहे. तेथे सिद्धान्त नाही. जातींचे भेद देवाने केले की माणसांनी, हा प्रश्न एके दिवशी मनात येतो, आणि त्याचा परिणाम दिसतो तो पाण्याच्या तांब्यात आणि ताटात. कोणाच्या हातचे प्यावे, कोणाच्या पंक्तीला बसावे, यात. १९०० मध्ये झालेला त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. रमाबाई व टिळक यांना आधी धर्म मिळाला आणि मग त्यातील व्यक्ती. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी हात बदलले. ज्यांना हे परिवर्तन मूलतः मताचे वाटते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’तील ही पाने पुन्हा वाचावीत.

परिवर्तन पुरे झाले असे यांपैकी कोणीही म्हणत नाही. पौल आत्म्याला ‘अर्राबोन’ म्हणतो. हा सेमिटिक व्यापाऱ्यांकडून ग्रीकमध्ये आलेला बाजारातला शब्द आहे, आणि मराठी बायबलातील त्याचा प्रतिशब्द ‘विसार’ हाही बाजारातलाच. विसार दिला म्हणजे सौदा ठरला, पण माल अजून घरी आलेला नाही. (याच क्षेत्रातला ‘तारण’ हा शब्द चर्चमध्ये मुक्तीसाठी आणि पेढीवर गहाणासाठी चालतो, याची गंमत भाषाभ्यासकाला वाटल्याशिवाय राहत नाही.) टिळकांची अखेरची वर्षे या विसारशब्दाच्या उजेडात वाचण्यासारखी आहेत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताचे अनुयायी म्हणविणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात जागा होती. ज्या मनुष्याने बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावले होते त्यानेच बावीस वर्षांनी त्या विधीला नात्याची अट मानण्याचे नाकारले. मिशनऱ्यांपैकी काहींना ते रुचले नाही, आणि सैद्धान्तिक दृष्ट्या त्यांची शंका निराधार होती असे म्हणता येत नाही. समाजाशिवाय केवळ नात्यावर उभा राहिलेला दरबार फार काळ टिकला नाही. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले.

त्यांनी १९०९ मध्ये आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ तेव्हा पहिल्या काही अध्यायांपाशीच थांबले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. लग्नाच्या वेळी जिला नीट लिहितावाचताही येत नव्हते तिने साठांहून अधिक अध्याय रचले. त्या १९३६ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकार पुन्हा ओवीचा, कथनाचा, म्हणजे स्टीफन्स यांचाच. तृतीयपुरुषाकडे परत आलेल्या या कथनात अभंगातील संबोधन कोठे कोठे शिल्लक राहिले, आणि टिळकांच्या व लक्ष्मीबाईंच्या अध्यायांत त्याचे प्रमाण सारखे आहे काय, याची मोजणी करण्याजोगी आहे. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ती हाती घेतल्यास दोघांच्या साक्षींतील फरक केवळ चरित्रावरून सांगण्याची गरज उरणार नाही.